मॅकेन्झींचा टार्टन आणि वऱ्हाड

रिद्धपूर म्हटले की आमच्या वाचकांस श्रीगोविंदप्रभू आणि महानुभावांची ग्रंथसंपत्ती आठवेल. स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांच्या ‘टार्टन’ नामक चौकड्याच्या लोकरी कापडाशी या क्षेत्राचा संबंध जोडणे प्रथमदर्शनी ओढाताणीचे वाटेल. परंतु वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरून, आणि अर्थात रिद्धपुरावरूनही, नागपूरकर भोसल्यांचा हक्क ज्या मोहिमेने गेला, तीत स्कॉटिश पलटणी पुढे होत्या. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याकडील अडगावची लढाई झाली. १५ डिसेंबरास, अचलपुरापलीकडे सातपुड्यावर असलेला गाविलगड पडला. आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन हा मुलूख निजामाकडे गेला. दोन्ही प्रसंगी वेलस्लीच्या सैन्यात ७८ वी हायलंडर पलटण होती. ती १७९३ साली मॅकेन्झी कुळाच्या नायकाने उभारली होती.

या पलटणीचा टार्टन पाहण्याजोगा आहे. जमीन गडद निळी, काळी व हिरवी. तीवर पांढरी व तांबडी बारीक रेघ. टार्टनची खुबी अशी, की ताण्यात रंगांचे जे पट्टे ज्या मापाने व क्रमाने घालावयाचे, तेच बाण्यातही घालावयाचे. निळ्यावर निळा आला तेथे रंग शुद्ध उमटतो. निळ्यावर हिरवा आला तेथे दोहोंची मिसळ दिसते. अशा रीतीने पाच रंगांच्या सुतातून पंधरा छटा निघतात. एका टोकाला पोचले की क्रम उलटा फिरतो, म्हणून चौकडा दोन्ही बाजूंनी सारखा भासतो. आमच्या चौकडीच्या लुगड्यांवर वाढलेल्या डोळ्यांस यात परके असे फार थोडे आहे.

प्रत्येक कुळाचा टार्टन वेगळा व अतिप्राचीन, रणांगणात आप्त ओळखावा तो त्यावरूनच, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही. मॅकेन्झींचेच उदाहरण घ्या. त्यांच्या कापडाची जमीन ही ‘ब्लॅक वॉच’ या सरकारी पलटणीच्या गणवेषाची. पलटण वेगळी ओळखू यावी म्हणून तीवर पांढरी व तांबडी रेघ घातली, एवढेच. म्हणजे १८०३ साली वऱ्हाडात आलेल्या पलटणीचे ते कापड वाडवडिलांचा ठेवा नव्हते. ते शिपायाचे कापड होते, आणि कुळाने ते मागाहून आपलेसे केले.

असे होण्यास कारणही होते. १७४६ च्या बंडानंतर पार्लमेंटाने डोंगरी पोशाखास बंदी केली, ती १७८२ पर्यंत टिकली. सैन्यास तेवढी सूट होती. दोन पिढ्यांच्या या खंडात जुनी विणकर परंपरा पुष्कळ विसरली गेली. पुढे १८१५ साली लंडनच्या हायलंड सोसायटीने नायकांस आपापल्या टार्टनचे नमुने मागितले, तेव्हा कित्येकांस आपला टार्टन कोणता हेच ठाऊक नव्हते! बॅनॉकबर्नचे विल्सन हे व्यापारी त्यांच्या साह्यास धावले. मॅकफर्सन कुळाच्या टार्टनचा पूर्वेतिहास ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने सांगितला आहे: दुकानात आरंभी त्यास नुसता क्रमांक होता, नंतर वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या कपड्यांसाठी किड नावाच्या गिऱ्हाइकाने तो घेतला म्हणून तो ‘किड’ झाला, आणि शेवटी त्यास मॅकफर्सनांचे कुलनाम लाभले. १८२२ साली चौथा जॉर्ज एडिंबरोस गेला, त्या समारंभाची योजना कादंबरीकार स्कॉटची. १८४२ साली दोघा भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या आधारे म्हणून कुळवार टार्टनांचा एक ग्रंथ छापला. ते हस्तलिखित बनावट ठरले, तरी त्यातले कित्येक नमुने आजही अंगावर मिरविले जातात. त्या लोकांस आम्ही हसावे असे नाही. हिरावलेली वस्तू परत मिळताना ती थोडी नवी होऊन आली, इतकेच.

रिद्धपूरच्या परंपरेने मात्र निराळा मार्ग धरला. उपाध्ये, कवीश्वर इत्यादी आम्नाय ही गुरुशिष्यांची कुळे. त्यांची वंशावळ ‘अन्वयस्थळा’सारख्या ग्रंथांत नावानिशी लिहून ठेविली गेली. मॅकेन्झींच्या पलटणीजवळही अशी एक निःसंशय खूण होती, आणि ती आपल्याच मुलखातली: २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईबद्दल तिला मिळालेले हत्तीचे चिन्ह.