एका पेशंटवरची परीक्षा

वारणानगरच्या आसपासच्या गावांत सकाळी डेअरीत दूध घालायला गेलात, तर दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर. शेजाऱ्याच्या किटलीला जे यंत्र लावतात, तेच तुमच्या. डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांच्या परीक्षेत एवढी साधी समानता यायला मात्र बराच काळ गेला.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं १८४५ साली. ब्रिटिशांकडून आलेल्या वैद्यकीय शिक्षणात पुढे 'लाँग केस' रुळली. एक विद्यार्थी, एक पेशंट. त्याची हिस्टरी घ्यायची, त्याला तपासायचं, मग परीक्षकांसमोर केस मांडायची. एखाद्याच्या वाट्याला सगळं नीट सांगणारा पेशंट येई, दुसऱ्याच्या वाट्याला दमलेला, बोलायलाही नको म्हणणारा. शिवाय विद्यार्थी पेशंटला तपासत असताना परीक्षक बहुधा तिथे नसतच. एकाच टेस्ट केसवर सॉफ्टवेअर पास करण्यासारखंच हे!

१९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी वेगळी पद्धत मांडली: 'ऑस्की'. एकाऐवजी अनेक स्टेशनं. ठरावीक वेळ संपली की पुढच्या स्टेशनवर जायचं. सगळ्यांना तीच कामं, आणि गुण कशाला द्यायचे हे आधीच ठरलेलं.

महाराष्ट्रात तोवर मिरजेच्या मेडिकल कॉलेजची परीक्षा शिवाजी विद्यापीठ घेई, मुंबईतल्यांची मुंबई विद्यापीठ. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि राज्याची लेखी परीक्षा एका छत्राखाली आली. २०१९पासून एमबीबीएसला नवा अभ्यासक्रम आला. त्यात लॉगबुक आणि वर्षभराच्या मूल्यमापनावर भर आहे.

मग यादीत टिकमार्क केले की झाला न्याय? तसंही नाही. पेशंटकडे न बघताच सगळे ठरलेले प्रश्न विचारणारा विद्यार्थीही यादीत पास होतो. १९९८ मध्ये टोरोंटोतल्या संशोधकांनी शस्त्रक्रियेच्या कौशल्यांची अशी परीक्षा तपासली. अनुभवी परीक्षकांनी एकूण कामाला दिलेले गुण टिकमार्कच्या यादीपेक्षा जास्त भरवशाचे निघाले.

म्हणजे जाणत्या डोळ्यांत खोट नव्हती. एकाच डोळ्यांनी, एकदाच बघून निकाल लावण्यात होती.

डेअरीत फॅट रोज सकाळ-संध्याकाळ लागतो. एक दिवस कमी लागला म्हणून कुणी म्हैस विकत नाही, आणि एक दिवस चांगला लागला म्हणून वर्षभराचा दर कुणी बांधून देत नाही. उद्या आपल्या आईच्या खाटेशी उभा राहणारा डॉक्टर तरी एकाच दिवसाच्या नशिबावर पास किंवा नापास का व्हावा?