न पिंजलेला, न विंचरलेला

तळवड्यात आयटी पार्कच्या काचा मागे टाकून आत वळलं की पत्र्याच्या शेडची रांग लागते. त्यातल्या एका शेडमध्ये गाडीत पायाखाली आणि डिकीत अंथरतात ते फेल्ट तयार होतं. दाराशी पांढऱ्या गाठी रचलेल्या होत्या. एकीच्या पट्ट्या कापल्या तशी ती फुसफुसत दीडपट झाली. मी चिमूटभर तंतू ओढून घेतला. बोटभर लांब, केसासारखा, पण अंगभर बारीक नागमोडी. बाहेर जाऊन टोकाला काडी लावली. पेटायच्या आधी तो आक्रसला, काळा धूर सोडला आणि टोकाशी टणक मणी होऊन बसला. कापूस असता तर कागद जळाल्याचा वास आणि हाताला मऊ राख. लोकर असती तर केस जळाल्याचा वास. हा पॉलिएस्टर.

गाठीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : 15 डेनिअर, 64 मिमी, म्हणजे तंतूची जाडी आणि लांबी. खाली आठ आकडे, 55032000.

जकातीच्या वर्गवारीतल्या त्या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. 55 म्हणजे आखूड कापलेल्या मानवनिर्मित तंतूंचं प्रकरण. 03 म्हणजे त्यातले संश्लेषित, म्हणजे पार रसायनापासून घडवलेले. 20 म्हणजे पॉलिएस्टर. इथवरचे सहा आकडे जगभर सारखे. शेवटची दोन शून्यं भारताची. मौज आहे ती 5503 च्या व्याख्येत. असे तंतू, जे पिंजलेले नाहीत, विंचरलेले नाहीत, सूतकताईसाठी आणखी कुठल्या तयारीतून गेलेले नाहीत. थोडक्यात, कच्चा माल.

आता हा ‘कच्चा’ माल गाठीत येईपर्यंत काय काय सोसून आलेला असतो ते पाहा. आम्ल आणि ग्लायकॉल यांचा संयोग करून बनलेला रस 280 अंशांच्या आसपास चाळणीसारख्या भोकांतून दाबून काढायचा, थंड करायचा, हजारो तंतूंचा जुडगा तीन-चार पट ताणायचा, पेटीत कोंबून त्याला कुरळा करायचा, तेल पाजायचं, मोजून कापायचा. एवढं सगळं होऊनही जकातीच्या लेखी त्यावर अजून प्रक्रियाच झालेली नाही! कारण पिंजाऱ्याचा हात लागलेला नाही.

याचं मूळ कापसात आणि लोकरीत आहे. शेतातून आलेली रुई आणि मेंढीच्या पाठीवरून आलेली लोकर यांचं सूत होण्याआधी दोन कामं : पिंजणं आणि, तलम सूत हवं असेल तर, विंचरणं. आपल्याकडे धनुकलीचा टणत्कार करत पिंजारी दारोदार फिरायचा, रुईचे पेळू व्हायचे, मग चरखा. गिरण्या असलेल्या देशांना कच्ची रुई स्वस्तात हवी असते आणि सूत-कापड बाहेरून आलेलं नको असतं, म्हणून मालाला मजुरी लागत जाईल तशी जकात चढवायची ही जुनी रीत. त्या जिन्याची पहिली पायरी पिंजणीपाशी होती. आजही 5201 म्हणजे न पिंजलेला, न विंचरलेला कापूस, पिंजलेला 5203. रसायनाच्या कारखान्यातून नवा तंतू आला तेव्हा वर्गवारी करणाऱ्यांनी त्याला स्वतंत्र जिना बांधला नाही. कापसाच्याच पायरीवर बसवलं. म्हणून भट्टीतून निघालेल्या मालाला आजही शेतमालाचा प्रश्न विचारला जातो : बाबा रे, तुला पिंजलंय का?

खुद्द ‘टॅरिफ’ शब्दाची कुळी या कामाला शोभणारी आहे. तो इंग्रजीत इटालियनमधून आला, पण मूळ अरबी ‘तअरीफ’ : माहिती देणं, ओळख करून देणं, व्याख्या करणं. आपली ‘तारीफ’ही तिथलीच. म्हणजे दर नंतर. आधी ही वस्तू काय आहे ते सांगा.

ते सगळ्यांनी एका भाषेत सांगावं म्हणून राष्ट्रसंघाने 1930 च्या दशकात जिनिव्हात एक यादी केली. तेव्हा हा पॉलिएस्टर जन्मालाही आला नव्हता. व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघा ब्रिटिश रसायनज्ञांनी तो शोधला 1941 मध्ये. 1950 च्या ब्रुसेल्स करारातून पुढची यादी आली. 1975 च्या सीमाशुल्क दर कायद्याने भारत त्या पठडीत आला. आज वापरतो ती सुसंगत वर्गवारी 1 जानेवारी 1988 पासून जगात लागू झाली. आपण मात्र ती 28 फेब्रुवारी 1986 पासूनच अंगाला लावून घेतली होती.

रेयॉनची वाट वेगळी ठेवली आहे. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनचा धागा लाकडाच्या लगद्यातला सेल्युलोज विरघळवून, म्हणजे निसर्गाचीच वस्तू घेऊन नव्याने ओढलेला. त्या जातीचे तंतू आखूड कापले की ते 5504 मध्ये जातात. कापायच्या आधीच्या जुडग्याला ‘टो’ म्हणतात. त्याचा नियम तर आणखी गमतीचा : दोन मीटरहून लांब आणि बाकीच्या अटींत बसत असेल तर संश्लेषित टो 5501; दोन मीटर किंवा आखूड असेल तर 5503. कात्री कुठे चालवली यावर मालाचं नाव.

पण यादी कितीही बारीक करा, वस्तू काय आहे हे शेवटी कुणी ठरवायचं? या प्रश्नाचं एक नामांकित उत्तर याच पिंपरी-चिंचवड पट्ट्यातून गेलं आहे. गरवारे नायलॉन्स ही पिंपरीची कंपनी. त्यांची नायलॉन ट्वाइन म्हणजे पीळ दिलेली दोरी. तिला अबकारी कायद्याच्या नोंद 18 मधलं ‘नायलॉन सूत’ म्हणायचं की नोंद 68 मधलं ‘उरलंसुरलं सगळं’, असा वाद. 68 ही 1975 मध्ये आलेली नोंद म्हणजे कुठेच न बसणाऱ्या मालाची अडगळीची खोली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्यापारी आणि वापरणारे जिला सूत समजतात ती सूतच. वेगळी आहे असं सरकारचं म्हणणं असेल तर पुरावा सरकारने द्यायचा, नुसतं म्हणून भागणार नाही. वर्गवारीच्या भांडणात वकील आजही हा निकाल काढतात.

या निकालाची पणजी अकोल्याची. 1961 मध्ये तिथल्या विक्रीकराच्या खटल्यात विड्याची पानं भाजीत मोडतात का, हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, मंडईत पानाला कुणी भाजी म्हणत नाही, असा निकाल लागला. पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा बाजारातली बोली वर. मला हा निकाल फार आवडतो, कारण भाजी घेणाऱ्या माणसाला तो समजतो.

मजुरी लागेल तसा कर चढवण्याचा तो जिना मात्र मध्यंतरी उलटा झाला होता. 2017 च्या जीएसटीत मानवनिर्मित तंतूवर 18 टक्के, सुतावर आधी 18 आणि काही महिन्यांत 12, कापडावर 5. कच्चा माल महाग, पक्का स्वस्त. विणणाऱ्याचे पैसे परताव्यात अडकलेले. 22 सप्टेंबर 2025 पासून तंतू आणि सूत दोन्ही 5 वर आले.

शेडमध्ये तोवर गाठ यंत्राच्या तोंडी गेली होती. दातेरी रूळ फिरत होते, पलीकडून कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ थर निघत होता.

“काका, ह्यालाच पिंजणं म्हणायचं ना?” मी विचारलं.

“आम्ही कार्डिंग म्हणतो,” मालक म्हणाले. “आमचे आजोबा पिंजण म्हणायचे. गादीवाले होते ते.”

त्या रुळांवर तंतू 5503 चा 5506 झाला. कुणी नोंद केली नाही, कारण तो विकायला कुठे जाणार नव्हता. थरावर थर पडले, हजारो काटेरी सुया खालीवर झाल्या आणि सुईने ठोकलेलं फेल्ट, 5602, गुंडाळून बाहेर आलं. याच पट्ट्यातल्या गाड्यांच्या मापाने ते कापलं जातं. मग ते गालिचा की गाडीचा सुटा भाग? गाडीच्या अंथरणीबद्दल हाही वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मे 2020 मध्ये न्यायालयाने तिला गालिच्यांच्या 57 व्या प्रकरणात बसवलं, सुट्या भागांच्या 8708 मध्ये नाही.

मालकांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, “आमचं फेल्टच बिलात जातं, कटिंग पुढचा करतो. त्याला विचारा.” आणि पुढच्या गाठीच्या पट्ट्या कापायला गेले.