गांज्याचा अर्क : औषधालयातून कायद्याच्या कुलपात

१/ गांजा म्हटले की आज पोलिसांचा छापा डोळ्यांपुढे येतो. परंतु एकोणिसाव्या शतकात त्याचा अर्क औषधविक्रेत्याच्या फळीवर असे. तो तेथून नाहीसा का झाला, ते क्रमाने पाहू.

२/ १८३९. कलकत्ता मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचे आयरिश प्राध्यापक विल्यम ब्रूक ओशॉनेसी यांनी गांज्यावरील निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी स्थानिक पंडित-हकिमांकडून माहिती मिळवली, आधी प्राण्यांवर प्रयोग केले आणि मगच रुग्णांना अर्क दिला.

३/ पिसाळलेला कुत्रा चावलेला रुग्ण वाचला नाही. मात्र त्याच्या यातना सुसह्य झाल्या. ४० दिवसांच्या एका अर्भकाच्या आकड्या मात्रा वाढवल्यावर थांबल्या. पुढे हे औषध इंग्लंडला पोहोचले.

४/ पहिला अडथळा कायद्याचा नव्हताच. प्रत्येक अर्काची तीव्रता निराळी, त्यामुळे मात्रा ठरेना. शिवाय तो पाण्यात विरघळत नसल्याने मॉर्फीनप्रमाणे सुईने टोचता येईना. त्यातील प्रमुख मादक घटक टीएचसी इस्रायलमध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा केला गेला, तो थेट १९६४ मध्ये!

५/ तोवर कायद्याने दार लावले होते. १८९३-९४ च्या ब्रिटिश आयोगाने हजाराहून अधिक साक्षी नोंदवून मर्यादित सेवनाचे दुष्परिणाम नगण्य मानले व सरसकट बंदी नाकारली. तरीही १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांज्याला हेरॉइनच्या पंक्तीत, सर्वांत कडक यादीत बसवले.

६/ भारताच्या १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस निषिद्ध ठरले. पाने वगळली, म्हणून भांग उरली. वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगाची वाट कायद्यात आहे, पण ती परवान्यांतून जाते.

७/ २०१८ मध्ये अमेरिकेने गांज्यातील सीबीडी या घटकाचे औषध अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी मान्य केले. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा त्या कडक यादीतून काढला. भारताचे मत काढण्याच्या बाजूने होते.

८/ गांजा रामबाण आहे, असे यावरून सिद्ध होत नाही. ओशॉनेसींनीही अतिसेवनाचे धोके नोंदवले होते. परंतु आकडीने तळमळणाऱ्या बालकाचा जो प्रश्न कलकत्त्यात १८३९ मध्ये विचारला गेला, त्याचे शास्त्रशुद्ध उत्तर मिळण्यास जवळपास १८० वर्षे लागली. हा विलंब कोणी सोसला? इतिहासात ज्यांची नावे उरत नाहीत, त्या रुग्णांनी.