राष्ट्रानें क्षमा मागावी काय?

सप्टेंबर २०२२ मध्यें पोर्तुगालचे तत्कालीन पंतप्रधान आंतोनियो कोस्ता हे मोझांबिकची राजधानी मापुतो येथें गेले होते. तेथील भाषणांत त्यांनीं एका खेड्याचें नांव घेतलें आणि एक तारीख सांगितली: विरियामू, १६ डिसेंबर १९७२. त्या दिवशीं मारल्या गेलेल्या लोकांच्या स्मृतीपुढें आपण मस्तक नमवीत आहों. तें कृत्य अक्षम्य असून त्यानें पोर्तुगालच्या इतिहासाला कलंक लागला आहे, अशा आशयाचे ते उद्गार होते. सारा मजकूर दोन-तीन वाक्यांचा. परंतु तीं वाक्यें पोर्तुगालच्या पंतप्रधानाच्या मुखांतून निघावयास जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं.

बोलणारी व्यक्ति कोण होती, हेंहि लक्षांत घेण्याजोगें आहे. कोस्ता यांचा जन्म १९६१ चा. विरियामूच्या वेळीं ते अकरा वर्षांचे होते. पितृघराणें मडगांवचें. घरांत त्यांना ‘बाबुश’ म्हणत, आणि ह्या हांकेचा अर्थ गोमंतकीयांस सांगावयास नको. वडील ओर्लांदो दा कोस्ता हे लेखक, सालाझारच्या राजवटीचे विरोधक. त्या पायीं त्यांना तुरुंगवासहि घडला. म्हणजे ज्या राजवटीनें बापाला कोंडलें, तिच्याच पापाबद्दल मुलानें मान खालीं घातली! येथेंच आक्षेपकांना हवा तो मुद्दा सांपडतो. ते म्हणतात, अपराध ज्याचा त्याचा असतो. ज्यानें केला त्यानें पश्चात्ताप करावा. निरपराध्यानें मेलेल्या अपराध्यांच्या वतीनें मागितलेली क्षमा म्हणजे निव्वळ नाटक. हा आक्षेप हलका नाहीं. त्याचें उत्तर मात्र नीतिग्रंथांपेक्षां विरियामूच्या हकीकतीतच अधिक चांगलें मिळतें.

मोझांबिकमध्यें फ्रेलिमो ह्या संघटनेनें १९६४ मध्यें स्वातंत्र्ययुद्ध पुकारलें होतें. पुढें झांबेझी नदीवर काहोरा बासा धरणाचें काम सुरू झालें, आणि तो तेते प्रांत युद्धाचें एक प्रमुख क्षेत्र बनला. गनिमांना खेड्यांतून आसरा मिळतो, असा पोर्तुगीज लष्कराचा संशय होता. १६ डिसेंबर १९७२ रोजीं तेते शहराजवळच्या विरियामूवर व भोंवतालच्या वस्त्यांवर प्रथम विमानें आलीं, नंतर हेलिकॉप्टरांतून कमांडो उतरले. चावोला नांवाच्या वस्तींत लोकांना एकत्र उभें करून टाळ्या वाजवावयास लावलें, आणि त्या वाजत असतांनाच गोळीबार झाला, असें वांचलेल्यांनीं सांगितलें आहे. झोपड्यांना आगी लावल्या. स्त्रिया आणि मुलें धरून सुमारे चारशे माणसें ठार झालीं. तेते येथील धर्मगुरूंनीं वांचलेल्यांच्या तोंडून मृतांचीं नांवें गोळा केलीं, एकेक करून.

हा वृत्तांत एड्रियन हेस्टिंग्ज ह्या इंग्रज धर्मगुरूच्या हातीं आला आणि १० जुलै १९७३ रोजीं लंडनच्या ‘टाइम्स’मध्यें छापला गेला. पोर्तुगालचे पंतप्रधान मार्सेलो कायतानो त्याच आठवड्याच्या पाठोपाठ लंडनला जाणार होते. विरोधी पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांनीं ती भेट रद्द करण्याची मागणी केली. पोर्तुगीज पक्षाकडून आलेलें उत्तर मोठें विलक्षण होतें: विरियामू नांवाचें गांवच अस्तित्वांत नाहीं! आधीं गांव जाळलें, आणि मग त्याचें नांवहि पुसलें.

कायतानो लंडनला जात होते तें कशासाठीं? १३७३ मध्यें इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यांत झालेल्या मैत्रीच्या तहाला सहाशें वर्षें पूर्ण झालीं होतीं, त्याच्या उत्सवासाठीं. त्या तहावर सही करणारा एकहि माणूस जिवंत नव्हता, हें सांगावयास नको. राजघराणीं बदललीं, राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलें. तरी तो तह ‘आमचा’, असें पोर्तुगाल अभिमानानें म्हणत होता. सहाशें वर्षांपूर्वींची मैत्री जें राष्ट्र आपली मानतें, त्याला सात महिन्यांपूर्वींची कत्तल परक्याची कशी म्हणतां येईल? राष्ट्र तह, कर्ज, सीमा आणि विजयस्तंभ वारशानें घेतें. उरलेलें तेवढें मृतांच्या माथीं मारण्याची सोय वारसा-कायद्यांत नाहीं.

आणि मारेकऱ्यांचा अपराध वारशानें येत नाहीं, हें मान्य केलें, तरी ‘गांवच नाहीं’ हें विधान कांहीं एखाद्या शिपायाचें नव्हतें. तें राज्याच्या वतीनें झालेलें होतें. तें मागें घेण्याचा अधिकार राज्याच्या वतीनें बोलणाऱ्यालाच असतो, मग त्याचें वय त्यावेळीं अकरा असो वा तो जन्मलाहि नसो. कोस्तांच्या भाषणांत मस्तक नमविण्यापेक्षां गांवाचें नांव व दिवस उच्चारला गेला, ह्याचें महत्त्व म्हणूनच अधिक.

निरपराध्यानें नमण्याचें ह्याहून प्रसिद्ध उदाहरण जर्मनीचें आहे. ७ डिसेंबर १९७० रोजीं वॉर्सा येथें ज्यूंच्या उठावाच्या स्मारकापुढें पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर विली ब्रांट अकस्मात् गुडघे टेकून बसले. हिटलर सत्तेवर येतांच १९३३ मध्यें देश सोडावा लागलेले हे गृहस्थ! त्यावेळच्या एका पाहणींत ४८ टक्के लोकांना हें अतिरेकी वाटलें, ४१ टक्क्यांना योग्य वाटलें. ब्रांट एक शब्दहि बोलले नाहींत. पण तेथें कोणीं कोणाला मारलें हें जगाला ठाऊक होतें. विरियामूच्या बाबतींत नुसतें मौन पुरलें नसतें. तेथें तर मौनच मुळीं गुन्ह्याचा भाग होतें.

तथापि कोस्तांच्या शब्दांचें मोल फार वाढवूनहि सांगूं नये. ते शब्द मापुतो येथें उच्चारले गेले, आणि तेथून विरियामू हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहे. एका सरकारनें दुसऱ्या सरकारपुढें नमणें निराळें, आणि ज्यांचीं माणसें गेलीं त्यांच्या दारीं जाणें निराळें. शिवाय भरपाईचा प्रश्न त्या वाक्यांत नव्हता.

तो प्रश्न लिस्बनमध्यें निघाला एप्रिल २०२४ मध्यें. त्यावेळचे राष्ट्राध्यक्ष मार्सेलो रेबेलो द सोझा यांनीं गुलामगिरी आणि वसाहतकाळांतील कत्तली यांची किंमत पोर्तुगालनें मोजली पाहिजे, असें सुचविलें. त्यांचे वडील १९६८ ते १९७० ह्या काळांत मोझांबिकचे गव्हर्नर-जनरल होते. कैद्याच्या मुलानें मस्तक नमविलें होतें. गव्हर्नराचा मुलगा तर थैली सोडा म्हणत होता. थोड्याच दिवसांत नव्या सरकारनें कळविलें कीं, असा कोणताहि कार्यक्रम विचाराधीन नाहीं.