आरोग्यसेवेचे सामाजिक दायित्व : कुवेतमधील परदेशी श्रमिक

उपचारांची गरज असलेल्या, परंतु त्यांचा खर्च पेलू न शकणाऱ्या व्यक्तीला वैद्यकीय सेवा मिळवून देणे हे समाजाचे नैतिक कर्तव्य आहे, या तत्त्वास आरोग्यसेवेचे सामाजिक दायित्व म्हणतात. धर्मादाय मदत देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. दायित्व मात्र गरजू व्यक्तीच्या हक्कातून निर्माण होते आणि ते पाळले न गेल्यास समाजाला जाब विचारता येतो. ‘समाज’ या संज्ञेत कोणाकोणाचा समावेश करायचा, या प्रश्नापाशी या तत्त्वाची खरी कसोटी लागते आणि ज्या देशाच्या लोकसंख्येत परदेशी रहिवासीच दोन-तृतीयांशांच्या आसपास आहेत, त्या कुवेतमध्ये हा प्रश्न टाळताच येत नाही. या रहिवाशांत भारतीयांचा समूह सर्वांत मोठा असून त्यांची संख्या सुमारे १० लाख आहे. त्यांत मराठी भाषकही आहेत.

कुवेत शहराच्या दक्षिणेस, मुबारक अल-कबीर प्रांतात वसलेली सबाह अल-सालेम ही वस्ती १९६५ ते १९७७ या काळात अमीर असलेल्या शेख सबाह अल-सालेम अल-सबाह यांच्या नावाने ओळखली जाते. येथे कुवेती नागरिकांची घरे आणि परदेशी रहिवाशांच्या भाड्याच्या सदनिका एकाच परिसरात आहेत. सिव्हिल आयडी या ओळखपत्रावर जो पत्ता असेल, त्या भागाच्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात रहिवाशाची नोंद होते आणि पुढील उपचारांसाठी त्याला तेथून सरकारी रुग्णालयाकडे पाठवले जाते. त्यामुळे एकाच गल्लीत राहणारे नागरिक आणि परदेशी श्रमिक एकाच दाराने आरोग्यव्यवस्थेत प्रवेश करतात. मात्र आत गेल्यावर त्यांचे हक्क वेगळे ठरतात.

आधुनिक वैद्यकसेवा कुवेतमध्ये आली तीच परक्यांच्या हातून. कुवेतचे तत्कालीन शासक शेख मुबारक यांच्या निमंत्रणावरून अमेरिकेतील अरेबियन मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने येथे काम सुरू केले, १९१२ मध्ये डॉ. एलिनॉर कॅल्व्हर्ली स्त्रियांवर उपचार करण्यासाठी आल्या आणि १९१४ च्या सुमारास मिशनच्या रुग्णालयाची इमारत उभी राहिली. १९४९ मध्ये सरकारी अमीरी रुग्णालय सुरू झाले. पुढे तेलाच्या उत्पन्नावर विस्तारलेली वैद्यकीय सेवा परदेशी रहिवाशांनाही बहुतांशी विनामूल्य मिळत असे. मिशनचे रुग्णालय १९६७ मध्ये बंद झाले.

१९६२ च्या राज्यघटनेतील दोन कलमे या संदर्भात शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. कलम ११ वार्धक्य, आजारपण किंवा काम करण्याची अक्षमता आल्यास मदतीची आणि वैद्यकीय सेवेची हमी देते, पण ती नागरिकांना. कलम १५ मात्र सार्वजनिक आरोग्याची, तसेच रोग व साथी यांच्या प्रतिबंधाची आणि उपचारांची काळजी राज्यावर सोपवते व तेथे नागरिकत्वाची अट घालत नाही. पुढील सर्व धोरण या दोन कलमांमधील अंतरात घडत गेले आहे. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात कुवेत १९९६ मध्ये सहभागी झाला. या कराराचे कलम १२ प्रत्येक व्यक्तीचा आरोग्याचा हक्क मान्य करते. परंतु भेदभावास मनाई करणारी तरतूद कुवेती कायद्याच्या मर्यादेतच लागू होईल आणि सामाजिक सुरक्षेची तरतूद केवळ कुवेतींना लागू राहील, असे कुवेतने सहभागाच्या वेळीच नोंदवून ठेवले.

१९९९ च्या कायदा क्र. १ ने परदेशी रहिवाशांना आरोग्यविमा सक्तीचा केला आणि निवासपरवाना, म्हणजे आखाती देशांत राहणाऱ्यांच्या बोलीतला ‘अकामा’, मिळण्यासाठी किंवा त्याच्या नूतनीकरणासाठी तो पूर्वअट बनवला. विम्याचा वार्षिक हप्ता दीर्घकाळ ५० दिनार होता. त्याखेरीज प्रत्येक भेटीला शुल्क पडते. ऑक्टोबर २०१७ मध्ये ते वाढवून प्राथमिक केंद्रात २ दिनार आणि रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात १० दिनार करण्यात आले. डिसेंबर २०२२ मध्ये औषधांसाठी अनुक्रमे ५ आणि १० दिनारांचे निराळे शुल्क लावण्यात आले. खासगी क्षेत्रात २०१७ मध्ये किमान मासिक वेतन ७५ दिनार होते. या वेतनावरील कामगाराने बाह्यरुग्ण विभागात तज्ज्ञाला दाखवून औषधे घेतली, तर एका भेटीचे २० दिनार होतात, म्हणजे महिन्याच्या कमाईच्या चतुर्थांशाहून अधिक. अभियंत्याला जे शुल्क जाणवतही नाही, तेच सफाई कामगाराला दुखणे अंगावर काढायला लावते. सर्वांना सारखे शुल्क ही समानता नव्हे. गरज हा निकष मानला, तर शुल्काने प्रथम ऐपत विचारात घ्यायला हवी. सरकारी रुग्णालयांवरील ताण आणि औषधांचा गैरवापर ही शुल्कवाढीची समर्थने अगदीच निराधार नाहीत, पण त्यांचा भार ज्यांच्या खांद्यावर ठेवला गेला, ते तो पेलण्यास सर्वांत कमी समर्थ आहेत.

शुल्काबरोबर स्थळकाळाचेही विभाजन झाले. २०१३ मध्ये जहरा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळची वेळ नागरिकांसाठी आणि सायंकाळची परदेशी रहिवाशांसाठी ठेवण्याचा प्रयोग झाला, तर २०१८ मध्ये सुरू झालेले जाबेर रुग्णालय नागरिकांसाठी राखून ठेवण्यात आले. कामगार कायद्यांची दिशा मात्र निराळी दिसते: २०१० च्या कायदा क्र. ६ नुसार कामावरील इजेच्या उपचारांचा खर्च मालकाने सोसावा लागतो आणि वर्षाला १५ दिवसांची पूर्ण पगारी आजारपणाची रजा मिळते, त्यापुढे पगार टप्प्याटप्प्याने घटतो. घरकामगारांसाठीच्या २०१५ च्या कायदा क्र. ६८ ने त्यांच्या उपचारांची जबाबदारी मालकावर टाकली आहे.

श्रमिक पाठवणाऱ्या देशाचे दायित्वही संपत नाही. इमिग्रेशन तपासणी आवश्यक असलेल्या पारपत्रावर जाणाऱ्या भारतीय कामगारांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. २०१७ मधील सुधारणेनंतर तिच्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपये आणि रुग्णालयातील उपचारांसाठी १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. संकटात सापडलेल्यांच्या तातडीच्या उपचारांसाठी दूतावासांना २००९ पासूनच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून खर्च करता येतो. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगफ येथील कामगार निवासाच्या आगीत ४५ हून अधिक भारतीयांसह सुमारे ५० जण मृत्युमुखी पडले आणि जखमींना सरकारी रुग्णालयांत हलवण्यात आले. त्या दिवशी कोणाची राष्ट्रीयता कोणती याला उपचारांत महत्त्व उरले नाही; परंतु दाटीने भरलेल्या निवासांमधील रोजचे आजारपण अशा आपत्तीइतके डोळ्यांत भरत नाही आणि त्याची किंमत कामगारालाच मोजावी लागते.

महाराष्ट्रातही हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार २००६ पासून धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. येथे उत्पन्न हा निकष आहे. राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मात्र महाराष्ट्राची शिधापत्रिका किंवा अधिवास पाहिला जातो, म्हणून मुंबईच्या बांधकामांवर राबणारा परप्रांतीय मजूर तिच्या कक्षेत आपोआप येत नाही.

कुवेतमध्ये सर्वांत असुरक्षित आहेत ते अकामा संपलेले श्रमिक. मालकाने नूतनीकरण केले नाही किंवा कामगाराने छळामुळे घर सोडले, की निवासाबरोबर विमाही संपतो आणि पकडले जाण्याच्या भीतीने कामगार रुग्णालयाची वाट टाळतो. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडच्या काळात जलीब अल-शुयूख आणि महबूला या परदेशी श्रमिकांच्या दाट वस्त्या बंद करण्यात आल्या, तेव्हा अशा व्यक्तींपर्यंत न पोहोचणारी आरोग्यव्यवस्था नागरिकांचेही रक्षण करू शकत नाही, हे उघड झाले. नंतर आलेली कोविडची लस नागरिक आणि परदेशी रहिवासी या दोहोंनाही विनामूल्य देण्यात आली.