हातावरची सरस्वती

गेल्या चतुर्थीला विजयदुर्गास धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. माजघरात गणपतीची आरास, आणि तिच्या शेजारच्या भिंतीवर एक पांढरा पुठ्ठा टांगलेला. पुठ्ठ्यावर आडव्या-उभ्या रेघा मारून घरे पाडलेली. डाव्या बाजूला सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : लवकर उठणे, दात घासणे, पाढे म्हणणे, ताटात न टाकणे, खरे बोलणे. पुढच्या घरांतून सोनेरी कागदाच्या चांदण्या चिकटवलेल्या. दहा चांदण्या झाल्या की भाच्याला एक बक्षीस. कधी रंगीत खडू, कधी चेंडू. भाचा दुसरीत आहे. बहीण म्हणाली, “दादा, दोन महिने झाले, सकाळी आरडाओरडा म्हणून नाही घरात. हा आपणहून उठतो, दात घासतो, पाढे म्हणतो.” मला कौतुक वाटले. छडीपेक्षा चांदणी केव्हाही बरी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळची गोष्ट. बहिणीच्या सासऱ्यांना आता नीट दिसत नाही. रोज उन्हे कलली की नातवाचा हात धरून ते वाघोटणच्या खाडीकडे, जेटीपर्यंत उतरतात. वाटेत बोलणे चालू असते. त्या दिवशी आजोबा काठी घेऊन उठले, आणि आमच्या चिरंजीवांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारले, “आई, आजोबांना नेलं तर किती चांदण्या?”

घरात कोणी काही बोलले नाही. आजोबा तेवढे म्हणाले, “माका चांदणी नको रे बाबा, तुझो हात होयो.” आणि काठी टेकून पुन्हा पडवीत बसले.

रात्री बहिणीने मला विचारले, “तू इतिहास शिकवतोस ना? मग सांग, हे माझं चुकलं की काय?”

वाचकहो, इतिहासाच्या माणसाला असे घरगुती प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पण या प्रश्नालाही इतिहास आहे, आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा घरच्या जवळचा आहे. बहिणीला सांगितला, तोच तुम्हाला सांगतो.

डोळ्यांना दिसेल असा मान देण्याची चाल आपल्याकडे जुनीच. पराक्रम्याला कडे आणि तोडे, विद्वानाला शालजोडी, कारभाऱ्याला शेला-पागोटे. पण हा झाला मोठ्या माणसांचा मान. लहान मुलाच्या वाट्याला काय? त्याचा एक फार चांगला पुरावा १८२३ सालच्या एका सरकारी अहवालात सापडतो. मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने आपल्या इलाख्यातील देशी शाळांची चौकशी १८२२ साली सुरू केली. तिला उत्तर म्हणून बळ्ळारीचा कलेक्टर ए. डी. कँबेल याने पुढच्या वर्षी जो अहवाल पाठवला, तो वाचण्यासारखा आहे. बळ्ळारी जिल्ह्यात तेव्हा ५३३ शाळा होत्या. बहुतेक कानडी आणि तेलुगू. पण त्यांत २३ मराठी शाळाही होत्या. धर्मपाल यांनी १९८३ साली आपल्या ग्रंथात हे सगळे कागद छापले, त्यामुळे ते आज कोणालाही पाहता येतात.

कँबेल सांगतो, शाळा साधारण सकाळी सहाला भरे. जो मुलगा सर्वांत आधी येई त्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत. हा त्याचा मान. दुसरा येई त्याच्या हातावर शून्य. म्हणजे तुझी स्तुतीही नाही आणि निंदाही नाही. तिसऱ्याला हलकीशी एक छडी, चौथ्याला दोन, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला एकेक वाढती. बघा, बहिणीच्या पुठ्ठ्यावरची चांदणी आणि दोनशे वर्षांपूर्वीची ही सरस्वती, दोघी नात्यातल्याच की नाहीत?

आता जुने ते सोने म्हणून मी ही चाल डोक्यावर घेणार नाही. विसाव्या मुलाचे काय होत असेल ते मनात आणा. कदाचित तोच सर्वांत लांबून चालत येत असेल. शिवाय आळशी मुलाचे दोन्ही हात बांधून त्याला आढ्याला टांगीत, सारख्या उठाबशा काढायला लावीत, हेही कँबेलनेच लिहिले आहे. तरीपण त्या सरस्वतीत एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ती साठत नाही. दोन वेळा जेवून हात धुतले की ती पुसट होणार, आणि उद्या पुन्हा सगळ्यांचे तळहात सारखेच कोरे. तिच्या बदल्यात काही विकतही मिळत नाही. ती नुसती खूण आहे, नाणे नव्हे.

या खुणेचे नाणे झाले, ते लंडनात. गंमत अशी, की त्या वाटेची सुरुवातही आपल्याच देशात झाली. अँड्र्यू बेल नावाचा एक पाद्री १७८९ पासून मद्रासजवळ एग्मोर येथे सैनिकांच्या पोरक्या मुलांची शाळा चालवीत होता. देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवतात हे त्याने पाहिले. आपल्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी ती हीच! त्याने ती उचलली. पुढे गेलेल्या मुलाने मागच्या मुलाला शिकवावे, ही रीतही त्याने आपल्या शाळेत बसवली, आणि १७९७ साली लंडनला त्यावर पुस्तक छापले. ही रीत देशी शाळांचीच आणि इंग्लंडने तिचे अनुकरण केले ते योग्यच केले, असे कँबेलनेही म्हणून ठेवले आहे.

त्याच सुमारास, १७९८ मध्ये, जोसेफ लँकास्टर या तरुणाने लंडनच्या बरो रोडवर गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. एक मास्तर आणि शेकडो मुले. ती सांभाळायची कशी? लँकास्टरने बिल्ले काढले. वाचनाचा बिल्ला, शुद्धलेखनाचा बिल्ला, गळ्यात अडकवायचे. वर्गातल्या क्रमाचा आकडाही गळ्यातच. पुढच्या मुलाची चूक मागच्याने दुरुस्त केली, की जागेबरोबर आकडाही त्याच्याकडे जाई. बिल्ल्यांवर चित्रे मिळत, खेळणी मिळत, आणि निवडक मुलांना साखळीसह रुप्याचे पदक. १८०३ साली त्याने हे सारे पुस्तकात मांडले. पण त्याच पुस्तकात दुसरीही बाजू आहे. दांडगाई करणाऱ्याच्या मानेवर लाकडाचा ओंडका, नाहीतर त्याला टोपलीत बसवून वर आढ्याला टांगायचे, म्हणजे सगळ्यांनी खालून हसावे. बळ्ळारी असो की लंडन, आढे काही सुटले नाही! ज्या शाळेत एकाचा मान सर्वांना दिसेल असा टांगतात, तिथे दुसऱ्याचा अपमानही तसाच टांगला जातो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे लँकास्टर कर्जात बुडाला, आणि १८०८ साली मित्रांना मध्ये पडून शाळेचा कारभार हाती घ्यावा लागला.

हीच लँकास्टरची रीत बोटीने परत आपल्याकडे आली. मुंबईत १८२२ साली देशी मुलांच्या शाळांसाठी आणि शाळापुस्तकांसाठी जी मंडळी स्थापन झाली, तिच्या शाळांतून ती रुजली. आपल्याच धूळपाटीतून गेलेली विद्या बिल्ला लावून घरी आली, म्हणा ना!

मुले सांभाळायला बक्षीस किंवा शिक्षा लागतेच, या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो मारिया माँटेसोरी यांनी. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत १९०७ साली त्यांनी बालगृह उघडले. त्यांनी लिहिलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एका मुलाच्या गळ्यात बक्षिसाचा रुप्याचा क्रूस होता. दुसऱ्याला शिक्षा म्हणून सर्वांसमोर खुर्चीवर बसवले होते. पहिला आपल्या कामात दंग. सामान नेतो आहे, आणतो आहे. क्रूस खाली पडला. शिक्षा झालेल्या मुलाने तो उचलला आणि त्याला दाखवला. त्याने ‘असू दे’ म्हणून मान उडवली. तेव्हा बसलेल्या मुलाने तो स्वतःच्याच गळ्यात घातला आणि खुशीत पाहत राहिला. ज्याला काम सापडले होते त्याला क्रुसाची गरज नव्हती. ज्याला बसवून ठेवले होते त्याला तो हवासा वाटला.

हा विचार आपल्याकडे आणण्यात भावनगरच्या गिजुभाई बधेकांचा आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांचा वाटा मोठा. दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९३९ साली माँटेसोरीबाई स्वतः मद्रासला, अड्यारला आल्या. बेलची शाळा होती त्याच शहरात, दीडशे वर्षांनी! पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले, आणि अनुताई वाघांच्या साथीने ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथली वारली मुले गुरे राखायला जात, शाळेत येत नसत. ताराबाईंनी त्यांना बिल्ले दाखवून बोलावले नाही. मुले जिथे गुरे चारीत तिथेच शाळा नेली. तिलाच कुरणशाळा म्हणतात. पाड्याच्या अंगणात बालवाडी भरवली. शंख-शिंपले, बिया, पाने हीच साधने केली. मूल येत नाही म्हणजे त्याला आमिष कमी पडते असे नव्हे, आपली शाळाच त्याच्यापासून दूर पडली असेल, असा त्याचा अर्थ मी घेतो.

याला अलीकडच्या प्रयोगाचाही आधार आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील एका शिशुशाळेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, चित्र काढलेत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, काम झाल्यावर ते दिले. काहींना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी पाहिले, तर बक्षीस कबूल करून घेतलेली मुले आता इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत घालवीत होती. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचे मात्र काही बिघडले नव्हते. हा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला.

पण दुसरी बाजूही खरी, आणि ती सांगितली नाही तर मी वकिली केली असे होईल. दात घासण्याची आवड कोणत्याही मुलाला उपजत नसते. सतराचा पाढा कोणी हौसेने म्हणत नाही. अशा कामाला सुरुवात करून द्यायला खुणेचा उपयोग होतो. मनोरुग्णालयांतूनही बिल्ल्यांच्या पद्धतीने रुग्णांना रोजच्या सवयी लावण्यात यश आले; एलॉन आणि अझ्रिन यांचे त्यावरचे पुस्तक १९६८ सालचे आहे. ज्यात गोडी नाही तिथे चांदणी पायरीसारखी चालते. ज्यात गोडी, माया आधीच आहे तिथे लावली, की ती त्या मायेची किंमत ठरवू लागते. आजोबांच्या हाताचे तेच झाले.

बहिणीने पुठ्ठा फाडला नाही. फाडावा असे मीही म्हटले नाही. तिने दात आणि पाढे एवढ्या दोनच ओळी ठेवल्या, त्याही दिवाळीपर्यंत. ‘खरे बोलणे’ ही ओळ तिने स्वतः खोडली. म्हणाली, “चांदणीसाठी खरं बोलेल तो चांदणीसाठी खोटंही बोलेल.” इतकी नेमकी गोष्ट मला वर्गात सांगता आली नसती.

भाच्याने दोन दिवस कुरकूर केली. आजोबाही हट्टी, त्यांनी त्याला बोलावले नाही. तिसऱ्या दिवशी मी निघायच्या आधी संध्याकाळी ते एकटेच पायऱ्या उतरू लागले. पोरगा अंगणात चेंडू खेळत होता. त्याने थोडा वेळ पाहिले, चेंडू टाकला आणि धावत जाऊन हात धरला. थोड्याच वेळात आजोबांचा आवाज ऐकू आला. ते किल्ल्यातल्या ‘साहेबाच्या ओट्यां’ची गोष्ट सांगत होते, १८९८ साली लॉकियर साहेब ग्रहण पाहायला विजयदुर्गास आला होता, ती.

पोराला ती गोष्ट पाठ आहे. तिच्यासाठी त्याला कधी कोणी चांदणी दिलेली नाही.