गॅस कमी, की वाट अडलेली?

उन्हाळ्याच्या तोंडावर वातानुकूलन यंत्र थंडावा देईनासे झाले, की बहुतेक घरांत एकच निदान ऐकू येते : गॅस संपला. तंत्रज्ञ येतो, बाहेरच्या युनिटला गेज जोडतो, काटा खाली दिसताच सिलिंडर उघडतो आणि खोली पुन्हा गार होऊ लागते. पुढच्या मोसमात पुन्हा तोच प्रयोग. वास्तविक यंत्रातील गॅस हा मोटारीतील पेट्रोलप्रमाणे खर्च होणारा पदार्थ नव्हे. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत असतो. तो खरोखर कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. तो पुरेसा असूनही काटा खाली येत असेल, तर दोष अन्यत्र आहे आणि वरून ओतलेला गॅस कॉम्प्रेसरच्या मुळावर येऊ शकतो.

घरगुती स्प्लिट यंत्रांत दाब मोजण्याची सोय बहुधा एकाच ठिकाणी, कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या जाड नळीच्या व्हॉल्व्हवर असते. तेथील दाबावरून कूलिंग कॉइलमध्ये द्रवरूप गॅस किती तापमानाला उकळतो आहे, हे कळते. आर-२२ वायूचा दाब ७० पीएसआयच्या आसपास असेल तर कॉइलमधील तापमान सुमारे ५ अंश सेल्सियस असते. त्याच तापमानाला आर-४१०ए आणि आर-३२ यांचा दाब मात्र १२० पीएसआयच्या घरात जातो. त्यामुळे यंत्रावरील पट्टीवर गॅसचे नाव न वाचता ‘साठ-सत्तर दाब पुरे’ असा जुना हिशेब नव्या यंत्राला लावणे ही ढोबळ चूक होय.

तरीही नुसता दाब अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी नळीचे तापमान सांगते. समजा, आर-२२ च्या यंत्रात काटा ४० पीएसआयवर आहे, म्हणजे कॉइलमध्ये गॅस उणे ८ अंशांना उकळतो आहे. आता त्याच जाड नळीला तापमापक लावला आणि तो १५ अंश दाखवू लागला, तर फरक २३ अंशांचा झाला. निरोगी यंत्रात तो साधारण ५ ते ८ अंश असतो. कॉइलला पुरेसा द्रव मिळत नाही, जो मिळतो तो अर्ध्या वाटेतच उकळून संपतो, असा याचा अर्थ. याउलट काटा ४० वरच असून नळी उणे ५ अंशांवर, बर्फाने मढलेली आढळली, तर द्रव मुबलक आहे; त्याला उकळायला उष्णताच मिळत नाही. धुळीने गच्च भरलेली जाळी, मळलेली कॉइल किंवा मंदावलेला पंखा ही त्याची नेहमीची कारणे. हा दोष जाळी धुऊन जातो, आणि याच यंत्रात सर्वाधिक वेळा विनाकारण गॅस भरला जातो! बर्फ पूर्ण वितळेपर्यंत कॉम्प्रेसर बंद ठेवून केवळ पंखा चालवावा आणि मगच दाब पुन्हा पाहावा.

कॉइल उपाशी असल्याचे ठरले, तरी गळती आणि अडथळा यांत निवड करावयाची राहतेच. गळती असेल तर कंडेन्सरमध्येही द्रव साचत नाही आणि त्यातून बाहेर पडणारी नळी विशेष निवत नाही. कॅपिलरी किंवा ड्रायर तुंबला असेल तर द्रव कंडेन्सरमध्येच अडकून बसतो आणि ती नळी अपेक्षेपेक्षा बरीच गार लागते. ड्रायरच्या दोन टोकांच्या तापमानात जाणवण्याजोगा फरक असणे, ही त्याच्या चोक होण्याची खूण मानतात. यंत्र सुरुवातीला उत्तम गार करते, मग एकाएकी थांबते आणि तासाभराच्या विश्रांतीनंतर पुन्हा चालते, असे होत असेल तर नळ्यांत पाण्याचा अंश शिरून कॅपिलरीच्या तोंडाशी गोठत असल्याची शंका घ्यावी.

बंद यंत्राचा दाब फसवा असतो. ३५ अंशांच्या हवेत दीर्घकाळ थांबलेल्या आर-२२ च्या यंत्रात सुमारे १८० पीएसआय दाब दिसतो, पण आत थोडासा द्रव शिल्लक असला तरी तो तेवढाच दिसतो. त्यावरून ‘गॅस भरपूर आहे’ असे म्हणता येत नाही. मात्र तो याहून बराच अधिक असेल, तर गॅसमध्ये हवा मिसळल्याची शंका घ्यावी. इन्व्हर्टर यंत्रांत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलत असल्याने चालू दाबही बदलतो. ती निर्मात्याने दिलेल्या चाचणी-अवस्थेत स्थिर वेगाने चालवूनच मोजावी लागतात.

गळती बहुधा नळ्यांच्या नट-जोडांवर सापडते. साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे ही साधी परीक्षा आजही उपयोगी आहे. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत बाहेरची कॉइल लवकर झिजते, तर उघड्या गटारांलगतच्या घरांत हायड्रोजन सल्फाइड तांब्याला पोखरतो. दाबचाचणीसाठी कोरडा नायट्रोजनच वापरावा. ऑक्सिजन कदापि नको, कारण कॉम्प्रेसरच्या तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. दुरुस्तीनंतर थोडा गॅस सोडून नळ्या ‘धुण्याची’ पद्धत सर्रास आढळते. तिने हवा व ओल पुरती जात नाही. व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनपर्यंत निर्वात करणे हाच मार्ग. आर-३२ सौम्य ज्वलनशील असल्याने बंद खोलीत तो सोडणे अधिकच अयोग्य.

आर-२२ ओझोनला घातक असल्याने माँट्रियल करारानुसार भारतासारख्या देशांत २०३० पर्यंत तो जवळजवळ संपुष्टात यावयाचा आहे. जुन्या यंत्रांच्या मालकांना गळती न बुजवता दरवर्षी भरणे दिवसेंदिवस महाग पडणार आहे. नवा गॅस भरताना गेजच्या काट्यावर विसंबू नये. यंत्राच्या पट्टीवर ग्रॅममध्ये दिलेले वजन काट्यावर तोलून भरावे आणि नळी नेमून दिलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल, तर निर्मात्याने दर मीटरमागे सांगितलेली भर त्यात घालावी. आर-४१०ए हे दोन वायूंचे मिश्रण असल्याने ते सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यावे लागते.